ओढणारा आणि सोडणारा
(कान्हे, ता. मावळ येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराने दंडाच्या बेटकुळीवर बोलायला उभं राहावं, याची तुमच्यातल्या काहींना गंमत वाटली असेल. आम्हालाही वाटली. पण हा विषय आम्ही मागून घेतला आहे, आणि त्याला दोन कारणं आहेत. पहिलं कारण इथून तिसऱ्या स्टेशनावर आहे. कान्ह्याहून लोकल सुटली की कामशेत, मळवली आणि मग लोणावळा. त्या लोणावळ्यात १९२४ साली संस्कृतच्या एका व्यासंगी शिक्षकाने आश्रम काढला आणि योग्याच्या पोटात नेमकं काय घडतं ते यंत्राने मोजायला घेतलं. दुसरं कारण आमच्या उजव्या हातात आहे. ते शेवटी सांगू.

आधी एक प्रयोग करू. साहित्य काही लागत नाही. उजवा तळहात मांडीखाली सारा आणि मांडी वर उचलायची आहे असा जोर लावा. आता डाव्या हाताने उजवा दंड चाचपा. पुढची बेटकुळी टणक लागेल, मागची बाजू मऊ लागेल. आता तळहात मांडीवर ठेवून खाली दाबा. बघा, उलटं झालं. मागची बाजू टणक, पुढची सैल. आता तिसरी गोष्ट. मूठ आवळा आणि दंड पुढून-मागून, दोन्हीकडून ताठ करा. अशा अवस्थेत कोपर वाकवून बघा. वाकतो, पण गंजलेल्या बिजागरीसारखा.

सगळा विषय या प्रयोगात आला. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून सांध्याला निदान दोन बाजूंनी स्नायू लागतात, एक वाकवणारा आणि एक सरळ करणारा. दोघांनी ओढायची मोठी करवत तुमच्यापैकी जुन्या माणसांनी पाहिली असेल. ओंडक्याच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक. हा ओढतो तेव्हा त्याने हात सैल सोडायचा, तो ओढेल तेव्हा याने. दोघांनी एकदम ओढलं की करवत अडकली. आता प्रश्न असा, की तुम्ही मांडीवर हात दाबलात तेव्हा पुढच्या बेटकुळीला 'तू सोड' असं कोणी सांगितलं? तुम्ही तर सांगितलं नाही. तुम्हाला ती बेटकुळी आठवलीसुद्धा नव्हती.

इथे आमच्या शास्त्रातला एक जुना वाद आठवतो. वैशेषिकांनी जगातल्या सगळ्या गोष्टी काही पदार्थांत बसवल्या: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. हे सहा. पुढच्या आचार्यांनी त्यात सातवा घातला, अभाव. जमिनीवर घडा नाही, हे 'नसणं' हीसुद्धा एक स्वतंत्र बाब मानायची की नाही, यावर शेकडो वर्षं चर्चा झाली. आम्ही वर्गात हे शिकवायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलं जांभया द्यायची. आम्हालाही तो शब्दांचा कीस वाटे. पण स्नायूंच्या बाबतीत हाच प्रश्न विचारून बघा. बेटकुळीचं सैल होणं हा निव्वळ अभाव आहे का? म्हणजे जोर संपला, उरलं ते सैलपण, असं? की सैल होणं हे शरीराने करायचं एक काम आहे, कर्म आहे? युरोपातल्या शरीरशास्त्राला या प्रश्नाचं उत्तर मिळवायला जवळजवळ तीनशे वर्षं लागली. त्या तीनशे वर्षांची ही गोष्ट.

सुरुवात देकार्तपासून करावी लागते. तो तत्त्वज्ञ म्हणून सर्वांना माहीत आहे. 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' हे वाक्य कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असतं. पण त्याने माणसाच्या शरीरावरही एक ग्रंथ लिहिला होता. तो छापला गेला १६६२ साली, देकार्तच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. त्यात डोळ्याचे दोन स्नायू आहेत, एक बाहेरून ओढणारा आणि एक आतून. देकार्तचं म्हणणं असं, की मेंदूतून मज्जातंतूंच्या पोकळ नळ्यांमधून एक सूक्ष्म, वाऱ्यासारखं द्रव्य वाहतं. ते एका स्नायूत शिरलं की तो फुगतो आणि आखूड होतो. त्याच वेळी झडपा उघडून समोरच्या स्नायूतलं द्रव्य याच्यात येतं, म्हणून तो रिकामा आणि सैल होतो.

यातलं द्रव्यही चुकीचं आणि झडपाही. स्नायू आवळला म्हणजे फुगत नाही, हे हॉलंडच्या स्वामरडामने त्याच शतकात दाखवलं. त्याने बेडकाचा स्नायू नळीत बंद करून आकसवला आणि त्याचं आकारमान वाढत नाही हे पाहिलं. पण देकार्तला श्रेय द्यायचं ते प्रश्नाचं. एकाचं ओढणं आणि दुसऱ्याचं सोडणं या दोन घटना नसून एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, हे त्याने ओळखलं. फक्त ही सांगड त्याने स्नायूंमध्ये घातली. ती खरी कुठे होती, हे कळायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं.

मधल्या काळात दोन धक्के बसले. १८४५ साली जर्मनीतल्या वेबर बंधूंनी हृदयाकडे जाणाऱ्या एका मज्जातंतूला विजेने चेतवलं. अपेक्षा अशी, की मज्जातंतू चेतवला की अवयव काम करणार. इथे हृदय मंदावलं आणि थांबलं. म्हणजे थांबवणाराही मज्जातंतू असतो! मग १८६३ साली रशियाच्या सेचेनोव्हने बेडकाच्या मेंदूच्या एका भागावर मिठाचा खडा ठेवला, तर आम्लात बुडवलेला पाय मागे घ्यायला बेडकाला जास्त वेळ लागू लागला. म्हणजे मेंदू नुसता हुकूम सोडत नाही, तो हुकूम अडवतोही. या अडवण्याला आपण 'रोध' म्हणू.

तरीही हातापायांच्या स्नायूंचं काय, हे ठरलेलं नव्हतं. फ्रान्सचा द्यूशेन नावाचा मोठा वैद्य १८६७ साली सांगत होता, की विरुद्ध बाजूचा स्नायूही सोबतच आवळतो. उतारावर बैलगाडीला मागून दोर लावून धरावं, तसा तो हालचालीला आवर घालतो. द्यूशेन काही वेडा नव्हता. त्याच्या म्हणण्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

आता येतो चार्ल्स शेरिंग्टन. जन्म १८५७, मृत्यू १९५२. आधी लिव्हरपूल आणि मग ऑक्सफर्डला प्राध्यापक, कविताही लिहायचा. दोन मज्जापेशी जिथे भेटतात त्या जागेला 'सिनॅप्स' हे नाव १८९७ साली त्याच्याच लेखनातून रूढ झालं. १८९३च्या सुमारास त्याने केलेला प्रयोग आम्हाला सगळ्या विज्ञानातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो. प्राण्यावरचा आहे, ऐकायला थोडा कठोर आहे, पण नीट ऐका.

डोळा फिरवणारे सहा स्नायू असतात. त्यांना तीन मज्जातंतू जातात. शेरिंग्टनने माकडाच्या डाव्या डोळ्याचे त्यातले दोन कापले. उरला एक. तो फक्त डोळा बाहेर, म्हणजे डावीकडे ओढणाऱ्या स्नायूला जाणारा. साहजिकच डावा डोळा डावीकडे ओढला गेला आणि तिथेच राहिला. आता त्याने मेंदूची अशी जागा चेतवली, की जिच्यामुळे दोन्ही डोळे उजवीकडे वळावेत. उजवा डोळा वळला, त्यात नवल नाही. पण डावाही वळला! पार उजवीकडे नाही, मध्यावर आला आणि थांबला. विचार करा, त्या डोळ्याला उजवीकडे ओढणारं कोणी शिल्लकच नव्हतं. मग तो मध्यावर आला कसा? एकच मार्ग उरतो. डावीकडे ओढून धरणाऱ्या स्नायूला वरून आज्ञा आली, 'सोड', आणि त्याने सोडलं.

मंडळी, वैशेषिकांच्या वादाचा प्रयोगशाळेतला निकाल तो हा. ओढणारा नसतानाही सोडणं घडलं. म्हणजे सोडणं हे ओढण्याचं नुसतं दुसरं टोक नाही. ते स्वतंत्रपणे पाठवलेल्या आज्ञेचं फळ आहे. शेरिंग्टनने मग गुडघ्याच्या स्नायूंवर वर्षानुवर्षं काम केलं आणि सगळं १९०६ साली एका ग्रंथात मांडलं. त्याचा सिद्धान्त थोडक्यात असा: मज्जासंस्था एका स्नायूला चेतवते तेव्हा त्याच क्षणी त्याच्या विरुद्ध स्नायूच्या पेशींना रोखते, आणि ही सांगड स्नायूत नसून मज्जारज्जूत, पाठीच्या कण्याच्या आत आहे. १९३२ साली त्याला एड्रियनबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं.

हा रोध काढून घेतला तर काय होईल? याचं उत्तर आपल्या सह्याद्रीत आणि कोकणात झाडावर लटकलेलं असतं. काजऱ्याचं झाड. नारिंगी, गोल, दिसायला मोहक फळ, आत बटणासारख्या चपट्या बिया. आयुर्वेदात त्याला कुचला म्हणतात आणि शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत, कारण बी विषारी. १८१८ साली फ्रान्समधल्या पेल्तिये आणि काव्हाँतू या दोन रसायनशास्त्रज्ञांनी या जातीच्या बियांतलं विष वेगळं काढलं. त्याचं नाव स्ट्रिक्निन. ते स्नायूला ताकद देत नाही आणि काढूनही घेत नाही. ते फक्त रोध बंद पाडतं. मग साध्या स्पर्शाने, दाराच्या आवाजानेसुद्धा शरीरातले सगळे स्नायू एकदम आवळतात. करवतीच्या दोन्ही बाजूंचे गडी एकाच वेळी ओढू लागतात.

दुसरं उदाहरण आपल्या भाषेतच आहे, धनुर्वात. या रोगाचे जंतू मातीत, शेणात असतात. जखमेतून शिरतात, त्यांचं विष मज्जातंतूंतून मज्जारज्जूपर्यंत चढतं आणि तिथे रोध करणाऱ्या पेशींची तोंडं बंद करतं. आधी दातखीळ बसते. का? कारण जबडा मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा कितीतरी बळकट. दोघे एकदम ओढू लागले की बळकट जिंकतो. पाठीचंही तेच. मागे ताणणारे स्नायू पुढे वाकवणाऱ्यांपेक्षा जोरदार, म्हणून शरीर मागे धनुष्यासारखं वाकतं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये याचं वर्णन आहे. आत वाकणारा आणि बाहेर वाकणारा असे प्रकारही केले आहेत. शेरिंग्टनने स्ट्रिक्निन आणि धनुर्वाताचं विष, दोन्ही प्रयोगात वापरून दाखवलं, की सोडण्याची आज्ञा बिघडली तर तिच्या जागी ओढण्याचीच क्रिया होते.

आमच्या लहानपणी 'बाळंतिणीच्या खोलीत धनुर्वात शिरला' असं बायका दबक्या आवाजात बोलत. नाळ कशाने कापली यावर बाळाचं जगणं अवलंबून असे. स्वच्छ बाळंतपण आणि गरोदरपणातली लस यांमुळे ते दिवस गेले. माता आणि नवजात बालकांमधल्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं २०१५ साली जाहीर झालं. तेव्हा 'रोध' हा पुस्तकी शब्द आहे असं कोणाला वाटत असेल, तर त्याने घरातल्या एखाद्या आजीला विचारावं.

आता आपण लोकलमध्ये बसू आणि लोणावळ्याला जाऊ.

जगन्नाथ गणेश गुणे, पुढे स्वामी कुवलयानंद. जन्म ३० ऑगस्ट १८८३, डभोईचा. विद्यार्थीदशेत संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. बडोद्यात राजरत्न माणिकरावांकडे व्यायामाचं शिक्षण घेतलं. मग अमळनेरला शिक्षकी केली. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना अमळनेर आणखी एका कारणाने जवळचं, १९१६ साली प्रताप शेठजींनी तिथेच तत्त्वज्ञान मंदिर सुरू केलं. पुढे गुण्यांना नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजी हे गुरू भेटले आणि त्यांच्याकडून योग मिळाला. इतकंच असतं तर ते एक चांगले योगी झाले असते. पण त्यांना एक खोड होती. गुरू सांगतात ते करायचं, आणि मग ते शरीरात कसं घडतं ते तपासायचं.

हठयोगात उड्डियान आणि नौली अशा दोन क्रिया आहेत. उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर टाकायचा, तो रोखायचा आणि पोट आत, वर, बरगड्यांखाली न्यायचं. बघणाऱ्याला वाटतं, काय जोर लावून पोट आत ओढलंय! नवशिक्यालाही तसंच वाटतं. तो पोट घट्ट आवळतो आणि पोट जागचं हलत नाही. खरी गोष्ट उलटी आहे. श्वास टाकताना पोटाचे स्नायू आवळतात हे खरं, पण त्यानंतर त्यांना पूर्ण सोडायचं असतं. मग श्वास न घेता, घेतल्यासारखी छाती फुलवायची. आत हवा शिरत नाही, जागा मात्र वाढते, म्हणून सैल पडलेलं पोट आपोआप आत खेचलं जातं. पोटाने काही केलेलं नसतं, त्याने फक्त सोडलेलं असतं. नौलीत त्याहून पुढची पायरी. बाकीचं पोट तसंच सैल ठेवून मधले दोन उभे स्नायू तेवढे आवळायचे, मग एकटा उजवा, एकटा डावा, आणि मग एकापाठोपाठ एक असे फिरवायचे. काटेकोर बोलायचं तर हे दोन उभे स्नायू एकमेकांचे विरोधी नव्हेत. दोघे मिळून धड पुढे वाकवतात. पण जे एरवी जोडीने चालतात त्यांना वेगळं करायचं, एकाला ओढू द्यायचं आणि त्याच वेळी शेजाऱ्याला सोडायला लावायचं, ही तालीम त्याच कारभाराची आहे.

योग्यांचा दावा होता, की या क्रियेने पाणी गुदमार्गाने आतड्यात वर चढतं. कुवलयानंदांनी विचारलं, चढतं म्हणजे कशाने चढतं? बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी क्ष-किरणांखाली ही क्रिया तपासली, दाबमापक लावून आतड्यातला दाब मोजला. दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. म्हणजे पाणी कोणी ओढत नव्हतं, बाहेरचा दाबच ते आत ढकलत होता. या निर्वाताला त्यांनी गुरूंचं नाव दिलं. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन झालं, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक निघालं, आणि हे प्रयोग त्यात छापून आले. पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्याच संशोधकांनी आसनांमधली स्नायूंची विद्युत-हालचालही नोंदवायला घेतली.

इथे थोडं सावध बोललं पाहिजे, कारण या टप्प्यावर सभागृहात हमखास कोणीतरी उठून म्हणतं, 'सर, म्हणजे हे सगळं आपल्या ऋषींना आधीच माहीत होतं.' आमचं उत्तर: होतंही आणि नव्हतंही. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाच्या संदर्भात 'प्रयत्नशैथिल्य' हा शब्द येतो. प्रयत्न सैल करणं हीच साधनेची गोष्ट आहे, सोडायला शिकावं लागतं, हे ज्यांनी ओळखलं त्यांना फार मोठी गोष्ट कळली होती. पण कसं सोडलं जातं, कुठली पेशी कुठल्या पेशीला रोखते, हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. पोहता येणं वेगळं आणि पाण्यावर का तरंगतो ते सांगता येणं वेगळं. एक ज्ञान अंगात असतं, एक कागदावर. कुवलयानंदांचं मोठेपण असं, की त्यांनी दोन्हींची गल्लत केली नाही. 'गुरूंनी सांगितलं म्हणजे सिद्ध झालं' असं म्हणाले असते तर क्ष-किरणांची गरजच नव्हती. आणि हेही प्रामाणिकपणे सांगू, की त्यांनी मोजला तो दाब. मज्जारज्जूतला रोध मोजायची साधनं तेव्हा लोणावळ्यात नव्हती, ऑक्सफर्डलाही नव्हती. शेरिंग्टनलाही रोध त्याच्या परिणामांवरूनच कळत होता. प्रत्यक्ष पेशीच्या आत कोणी डोकावलेलं नव्हतं.

ते घडलं १९५१च्या ऑगस्टमध्ये, न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावात. जॉन एकल्स हा शेरिंग्टनचा शिष्य. गुरूचा रोध त्याला मान्य होता, पण तो घडतो कसा याबद्दल त्याचं स्वतःचं मत होतं: सगळा खेळ विजेच्या प्रवाहाचा, पेशींमध्ये कुठलंही रसायन झरत नाही. या मतासाठी तो वर्षानुवर्षं भांडला. भांडण हरायला लागलं तेव्हा तो खचला. याच सुमारास त्याची गाठ पडली कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाशी. व्हिएन्नाहून आलेले पॉपर १९३७ ते १९४५ न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला शिकवत होते. त्यांनी एकल्सला सांगितलं ते आम्ही वर्गात चाळीस वर्षं सांगत आलो: सिद्धान्त चुकला यात लाज नाही. उलट तो इतका स्पष्ट मांडा, की एका प्रयोगाने मोडता यावा. तुम्हीच तो मोडायचा प्रयत्न करा.

एकल्सने ते मनावर घेतलं. केसाहून बारीक काचेची नळी मांजराच्या मज्जारज्जूतल्या एकाच पेशीत घातली. स्नायूला हुकूम देणारी पेशी. मग विरुद्ध स्नायूकडून येणारा मज्जातंतू चेतवला. एकल्सचा विद्युत-सिद्धान्त खरा असता तर पडद्यावरची रेघ एका दिशेने जायला हवी होती. ती नेमकी दुसऱ्या दिशेने गेली. पेशीचा विद्युतदाब आणखी खाली, आणखी ऋण झाला. रोध रसायनाने होतो, हे एकल्सने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या विरुद्ध सिद्ध केलं आणि जाहीरही केलं. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये शेरिंग्टन वारला. १९६३ साली एकल्सला नोबेल मिळालं, आणि १९७७ साली त्याने पॉपरबरोबर मन आणि मेंदू यांवर एक पुस्तक लिहिलं. एका तत्त्वज्ञाच्या सल्ल्याने प्रयोगशाळेत काही घडल्याची उदाहरणं फार नाहीत, म्हणून आम्ही हे जरा चवीने सांगतो.

पुढचं चित्र भराभर उलगडलं. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. त्याची बातमी मज्जारज्जूत जाते. तिथे त्या तंतूला दोन फांद्या फुटतात. एक फांदी थेट त्याच स्नायूच्या पेशीला सांगते, ओढ. दुसरी मात्र विरुद्ध स्नायूच्या पेशीशी थेट बोलत नाही. मध्ये एक मध्यस्थ पेशी असते. ती बातमी घेते चेतवणारी आणि पुढे देते रोखणारी. या मध्यस्थीला सेकंदाचा हजारावा भागसुद्धा पुरता लागत नाही. ती जे रसायन सोडते त्याचं नाव ग्लायसिन. काजऱ्याचं विष नेमकं या ग्लायसिनची वाट अडवतं. म्हणजे आपल्या रानातलं झाड, धनुर्वाताची बाळंतखोली, माकडाचा डोळा आणि एकल्सची काचेची नळी हे सगळं एका मध्यस्थापाशी येऊन मिळालं.

आता द्यूशेनकडे परत येऊ. तो पूर्ण चुकला होता का? नाही. अंधारात अनोळखी जिना उतरताना पाय कसा ताठ होतो आठवा. भरलेला चहाचा कप घेऊन चालताना मनगट कसं घट्ट होतं. लोकलच्या दारात उभं असताना गुडघे. तिथे दोन्ही बाजू मुद्दाम आवळलेल्या असतात, कारण सांधा हलायला नको, टिकायला हवा. अशा वेळी मेंदू त्या मध्यस्थालाच गप्प बसवतो. म्हणजे मज्जारज्जूतला नियम पक्का असला तरी तो कधी लावायचा आणि कधी सैल करायचा, हे वरून ठरतं. आणि शिकणं म्हणजे बऱ्याच अंशी हेच. भाताची लावणी, तुम्ही आवणी म्हणता, पहिल्यांदा करणारा शहरी पाहुणा संध्याकाळी पाठ, खांदे, मनगट सगळं धरून बसतो. शेजारची बाई त्याच्या दुप्पट वाफे लावून स्वयंपाकाला लागलेली असते. ताकदीचा फरक नसतो. पाहुण्याचे दोन्ही गडी एकदम ओढत असतात. तिला कुठे सोडायचं ते अंगाने माहीत असतं. पहिलीतलं मूल पेन्सिल अशी धरतं की बोटं पांढरी पडतात. पुढे हात सैल होतो आणि अक्षर सुधारतं.

आणि आता आमचा उजवा हात.

चार वर्षांपूर्वी आम्हाला पक्षाघाताचा झटका आला. वाचा वाचली, विचार वाचला, उजवा हात गेला. काही महिन्यांनी तो परत आला, पण अर्धाच. मूठ मिटायची, उघडायची नाही. धाकट्या नातीने हातावर लाडू ठेवला. बोटं मिटली. तिला म्हणालो, घे आता. बोटं उघडेनात. जोर लावला तशी मूठ आणखी आवळली आणि लाडवाचा चुरा झाला. ती हसली, तिला तो खेळ वाटला. आम्हाला त्या दिवशी रात्रभर झोप आली नाही. आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. मंडळी, उघडता येत नाही ती मूठ कवडीमोलाची असते.

व्यायाम करून घ्यायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट यायची. ती म्हणाली, 'सर, ओढू नका. सोडा.' आम्ही म्हणालो, 'सोडतोच आहोत.' ती म्हणाली, 'नाही सर, तुम्ही सोडण्यासाठी जोर लावताय.' चाळीस वर्षं आम्ही मन आणि शरीर यांच्या संबंधावर व्याख्यानं दिली, आणि हे वाक्य आमच्या एकाही टिपणवहीत नव्हतं. मग तिने समजावलं, की हात कमजोर आहे हा अर्धाच आजार. मेंदूकडून मज्जारज्जूवर जी देखरेख असते ती तुटली आहे. बोटं उघडणाऱ्याला हुकूम कसाबसा पोचतो, पण मिटणाऱ्याला 'थांब' म्हणणारं कोणी धड उरलेलं नाही. तेव्हा आम्ही वाचायला घेतलं, आणि शेरिंग्टनचा तो माकडाचा डोळा सापडला. रात्री दिवा लावून तो प्रयोग वाचताना आम्हाला जे वाटलं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. आपल्या मुठीत काय बिघडलं आहे, ते एका माणसाने १८९३ साली शोधायला घेतलं होतं.

आज हात किती उघडतो? बघा, एवढा. कोमट पाण्यात ठेवला, श्वास सावकाश सोडला, की थोडा अधिक. पेन धरता येतं. ठेवायला मात्र डावा हात लागतो. योगाने बरा झालो असंही आम्ही सांगणार नाही आणि विज्ञानाने बरा झालो असंही नाही, कारण पुरता बरा झालेलोच नाही. पण आपण कशाशी झगडतो आहोत ते कळलं, आणि ओढायचा हट्ट सुटला. रोज जे थोडंथोडं मिळतं ते त्यानंतरचं आहे.

वैशेषिकांचा प्रश्न होता, नसणं ही काही बाब आहे का. घड्यापुरतं उत्तर काय द्यायचं ते नैयायिक बघून घेतील. हातापुरतं उत्तर मज्जारज्जूत लिहिलेलं आहे. तिथे सोडण्यासाठी वेगळी पेशी आहे, वेगळं रसायन आहे, वेगळी आज्ञा आहे. सैलपणा हा उरलासुरला भाग नव्हे, ते करावं लागणारं काम आहे. आणि ते काम तुमच्या शरीरात आत्ता, मला ऐकता ऐकता, तुमच्या नकळत चाललं आहे. घरी जाण्यासाठी खुर्चीतून उठाल तेव्हा मांडीच्या पुढच्या स्नायूला शाबासकी द्या, हरकत नाही. पण जो गुपचूप सोडतो, त्यालाही विसरू नका.

 प्रश्न असतील तर आता घेऊ.